‘पाय’ म्हणजे नेमका कुठला?

चि.,
अनेक आशीर्वाद.

स्नोमेड सीटीचे, म्हणजे आजार, अवयव, शस्त्रक्रिया यांना ठरलेले आकडे देणाऱ्या वैद्यकीय शब्दसंग्रहाचे, कोड लावायला बसण्याआधी एक सवय लाव: रुग्णाच्या तोंडचा शब्द वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेव. खानापूर-निपाणीकडचा माणूस ‘पाय सुजलाय’ म्हणतो तेव्हा मांडीपासून तळव्यापर्यंत काहीही असू शकतं. कन्नडमधल्या ‘कालु’चंही तेच. आपल्या दोन्ही भाषांचं इथं छान जमतं, गोची होते ती इंग्रजीशी. डॉक्टर घाईत ‘राइट लेग स्वेलिंग’ लिहितात. शरीरशास्त्रात लेग म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच, म्हणून कोड लावणारा ‘लोअर लेग’ ३००२१००० निवडतो, आणि सूज असते पावलावर. हात कुठं ठेवून दाखवलं ते विचार. नाहीच कळलं तर ‘लोअर लिंब स्ट्रक्चर’, ६१६८५००७, तिथंच थांब. ढोबळ आहे, पण खोटं नाही. ‘पोट दुखतंय’ला जठराचा ६९६९५००३ लावून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत.

आता खरी मेख. हृदय शोधलंस की ‘हार्ट स्ट्रक्चर’ ८०८९१००९ दिसेल आणि ‘एन्टायर हार्ट’ ३०२५०९००४ पण. स्ट्रक्चर म्हणजे तो अवयव किंवा त्याचा कुठलाही भाग. एन्टायर म्हणजे अख्खा. आजाराची जागा सांगताना जवळपास नेहमी स्ट्रक्चरच घ्यायचं. पायाच्या बोटाचं स्ट्रक्चर पावलाच्या स्ट्रक्चरखाली येतं, म्हणून पावलाच्या जखमांची यादी काढली की मधुमेही रुग्णाच्या बोटाची जखमही त्यात सापडते. ते हवंच असतं. पण पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियेला तेच लावलंस, तर नुसतं बोट काढलेले सगळे पाऊल गेलेल्यांत मोजले जातील. तिथं ‘एन्टायर फूट’ पाहिजे. शस्त्रक्रियांचा आकडा उगाच फुगलेला दिसला तर आधी हे बघ.

स्नोमेड वापरण्याच्या परवान्याला आपल्याकडे पैसे पडत नाहीत, ते चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे.

डावं-उजवं रुग्णाचं धरायचं, समोर उभ्या असलेल्याचं नव्हे: डावं ७७७१०००, उजवं २४०२८००७. निवडलेल्या कोडातच ‘लेफ्ट’ असेल तर वर परत बाजू जोडू नकोस. आणि चिठ्ठीवर ‘अंगठा, डावा’ एवढंच असेल तर हाताचा की पायाचा हे विचारून ये, मगच एंटर दाब.

तुझा,
काका