संगणकाची दुखणीखुपणी : डिस्क कपाटात, सर्व्हर खोळंबलेला

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं कुडाळ तालुक्यातलं लहानसं सार्वजनिक वाचनालय. सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर, पुस्तकांची सगळी देवघेव त्यातच. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रात्रभर वीज नव्हती, यूपीएसही उतरला. सकाळपासून सर्व्हर अर्ध्यावरच थांबतो. काळ्या पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे पळतात, शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी चालते. ती संपली की रूटचा (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मागतो. पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहिला. दुरुस्तीला आलेले गृहस्थ म्हणाले, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करावं लागेल. करू का? बॅकअपची काळजी नाही. बॅकअपची बाहेरची डिस्क जूनपासून माझ्या घरी कपाटात आहे. ‘बॅकअप सर्व्हरशेजारी ठेवू नका’ असं तुम्हीच लिहिलं होतं.
— एक ग्रंथपाल

उत्तर : पत्र वाचलं आणि अंकाची वाट न बघता या ग्रंथपालबाईंना लगेच फोन केला. महिन्याने छापून येणाऱ्या उत्तराचा, काउंटरवर वाचक ताटकळत असताना, काय उपयोग? फोनवर एकच सांगितलं : फॉरमॅट करू नका, घरी जाऊन कपाटातली डिस्क आणा, सर्व्हरला लावा आणि मग चालू करा. बाई रिक्षाने घरी गेल्या, डिस्क घेऊन आल्या. कोहा सुरू झालं.

आता असं का झालं ते. घोडं माझ्याच सल्ल्यापाशी अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सर्व्हर जागा होताना इटीसी फोल्डरातली एफएसटॅब नावाची फाइल वाचतो. कुठली डिस्क कुठे जोडायची याची ती यादी. बाईंच्या एफएसटॅबमध्ये बॅकअपच्या डिस्कचीही एक ओळ होती. मधे पर्याय म्हणून नुसतं ‘डिफॉल्ट्स’ लिहिलेलं, आणि त्याचा अर्थ होतो ‘ही डिस्क हवीच’. डिस्क कपाटात. बिचारा सिस्टमडी (सर्व्हर उठवणारा प्रोग्राम) तिची ९० सेकंद वाट बघतो (ते पळणारे तारे म्हणजे ही वाट बघणं), ती आली नाही की काम थांबवून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन बसतो. त्यात बिघडलेलं काहीच नाही. उलट सांगितलेलं अक्षरशः पाळल्यामुळे हे झालं.

मग जूनपासून का नाही अडलं? कारण डिस्क काढली तेव्हा सर्व्हर चालू होता, आणि त्यानंतर तो एकदाही बंद झाला नव्हता. एफएसटॅब वाचली जाते ती उठताना. सर्व्हर उठत नसेल तर ‘काल काय केलं’ एवढंच विचारून भागत नाही. मागच्या वेळी तो नीट उठला त्या दिवसापासून कोणी काय काय बदललं, ते आठवावं लागतं. वीज गेल्यामुळे फक्त जूनची चूक उघडी पडली.

पासवर्ड मागणाऱ्या त्या ओळीला माझा एक नमस्कार. ‘गिव्ह रूट पासवर्ड फॉर मेंटेनन्स, ऑर प्रेस कंट्रोल-डी टु कंटिन्यू.’ नव्वदच्या दशकात मी एका नागरी सहकारी बँकेत एससीओ युनिक्स सांभाळत होते. तेव्हाही जवळजवळ हीच ओळ यायची, दहाला काउंटर उघडायचं असायचं, आणि हेडकॅशियर मागे उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवत असायचे. लोक ही ओळ दिसली की घाबरून बटण दाबतात. खरं तर सर्व्हर तुम्हाला आत बोलावत असतो.

आत जायचं ते असं. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना इंग्रजी लहान अक्षरांत.) रूटचा पासवर्ड द्या आणि ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ लिहा. भलीमोठी यादी येईल. सगळी वाचू नका. ‘टाइम्ड आउट’ आणि ‘डिपेंडन्सी फेल्ड’ हे शब्द शोधा, कुठली डिस्क आली नाही ते तिथे लिहिलेलं असतं. मग ‘एलएसबीएलके -एफ’ द्या. खरोखर जोडलेल्या डिस्क आणि त्यांचे यूयूआयडी (प्रत्येकीचा वेगळा ओळख-क्रमांक) दिसतील. एफएसटॅबमधले यूयूआयडी याच्याशी ताडून पाहा. जो इथे नाही, तो चोर. मग ‘नॅनो’ या संपादकाने फाइल उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका (म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही), जतन करा, रीबूट. जतन होत नसेल तर मूळ फाइलसिस्टम (डिस्कवरची फायलींची मांडणी) फक्त वाचण्यापुरती जोडलेली आहे, आधी ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या.

डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड कोरा सोडला असेल तर ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ असं म्हणून दार लावून घेतं. तेव्हा सर्व्हर सुरू होताना सर्वांत आधी येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतल्या ‘आरओ’चं ‘आरडब्ल्यू’ करा, ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडा आणि एफ१० दाबा. थेट आत याल, पासवर्ड न विचारता. हे वाचून कुणाला सुरक्षिततेची शंका आली असेल तर ती रास्त आहे. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावा.

बाईंची ओळ आम्ही काढली नाही, बदलली. ‘डिफॉल्ट्स’च्या जागी ‘डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस’. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही, नाहीतर तो पुढचा रकाना समजतो. आता डिस्क असली तर जोडेल, नसली तर उठणं अडवणार नाही. बदल केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ देऊन फाइल तपासून घेतली, आणि वाचनालय बंद झाल्यावर डिस्क काढून एकदा मुद्दाम रीबूट करून पाहिलं. एफएसटॅबला हात लावला की त्याच दिवशी रीबूट करून बघायचं, ही माझी जुनी खोड.

इथवर आल्यावर बाईंना वाटलं, झालं. मी विचारलं, ‘रात्रीचा बॅकअप रोज घेतला जातो ना?’

‘हो, रात्री अकराला आपोआप. रोज झाल्याची मेल येते.’

‘डिस्क तर जूनपासून तुमच्या कपाटात. मग बॅकअप जात होता कुठे?’

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

जात होता सर्व्हरच्याच डिस्कवर. /बॅकअप हे मुळात एक रिकामं फोल्डर. डिस्क जोडली की ते डिस्कचं दार होतं, नसली की साधं फोल्डर राहतं. बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला (आज्ञांच्या फाइलला) फरक कळत नाही, ती इमानेइतबारे तिथेच लिहीत राहते. डिस्क पुन्हा लावली तेव्हा ते फोल्डर तिच्याखाली झाकलं गेलं, म्हणून फोल्डरांची मापं काढणाऱ्या ‘डीयू’ला काही सापडेना आणि डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ मात्र सर्व्हरची डिस्क ९१ टक्के भरल्याचं सांगत होतं. ‘युमाउंट /बॅकअप’ केलं, म्हणजे डिस्क त्या फोल्डरापासून सोडवली, आणि खाली जूनपासूनच्या फायलींची रास निघाली.

म्हणजे फॉरमॅट केलं असतं तर कपाटातल्या डिस्कवर जूनपर्यंतचंच मिळालं असतं. पुढची सगळी देवघेव, नवे सभासद, सगळं गेलं असतं. दुरुस्तीवाल्या गृहस्थांवर माझा राग नाही, पण पडद्यावरची एक ओळही न वाचता ‘डिस्क गेली’ म्हणणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला आता एक ओळ घातली आहे : ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १’. डिस्क जोडलेली नसेल तर बॅकअप होणार नाही आणि झाल्याची मेलही येणार नाही. शिवाय दुसरी डिस्क घ्या म्हटलं. एक सर्व्हरला, एक कपाटात, दर शनिवारी अदलाबदल. दोन्हींना ‘ईटूलेबल’ने एकच नाव द्या आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी ते लेबल लिहा. मात्र दोन्ही एकाच वेळी लावू नका. माझ्या आधीच्या सल्ल्यात दुसरी डिस्क लिहायची राहून गेली होती, ती चूक माझ्या पदरी.

प्रश्न : माझा जुना उबुंटू सर्व्हर ‘इनिट्रॅमएफएस’ असं कंसात लिहून थांबतो. वर ‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ असं आहे. हेही एफएसटॅबच का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. ‘इनिट्रॅमएफएस’ ही मूळ डिस्क जोडण्याआधीची तात्पुरती व्यवस्था. इथे मूळ फाइलसिस्टमच्या नोंदी खरोखर विस्कटल्या आहेत. त्याच ओळीत डिस्कचं नाव असेल, समजा /डेव्ह/एसडीए२. पण आधी कान लावा. डिस्कमधून टकटक येत असेल तर एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) मुळीच नको. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘डीडीरेस्क्यू’ने आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि जी काही दुरुस्ती करायची ती प्रतीवर करा. आवाज नसेल तर ‘एफएससीके /डेव्ह/एसडीए२’, आणि संपल्यावर ‘एक्झिट’. शंभर वेळा वाय दाबायचा कंटाळा येतो म्हणून -वाय लावतात, मीही लावते, पण पहिले आठ-दहा प्रश्न वाचून झाल्यावर. अनाथ फायली ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डरात # आणि आकड्याच्या नावाने सापडतील. सुरू झाल्यावर डिस्कची तब्येत सांगणारी ‘स्मार्टसीटीएल -ए’ ही आज्ञा डिस्कच्या नावासह द्या. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्याहून मोठा आकडा असेल तर नवी डिस्क घ्या.

प्रश्न : वीज जाऊन आली की आमच्या ऑफिसातला सर्व्हर कधी डिस्क सापडत नाही म्हणतो, कधी तारीख कित्येक वर्षं मागे दाखवतो. यूपीएस बदलला तरी तेच.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मदरबोर्डवरचा सेल उतरलाय. वीज गेली की घड्याळही जातं आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ठरवलेला बूटचा क्रमही जातो, म्हणून डिस्क कधी सापडते, कधी नाही. सीआर२०३२ लिहिलेला चपटा सेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो. बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सर्व्हर बंद करून पॉवरची वायरही काढा, खाचेजवळची पट्टी नखाने हलकेच सरकवली की सेल उचलून येतो. नवा बसवताना + खूण वर.