साताऱ्यात बीएस्सी करतोय, कॉलेजच्या लॅबमध्ये सिंटिलेटिंग फायबरचा न्यूट्रिनो डिटेक्टर बनवता येईल का?

डिटेक्टर बनेल, पण न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाच न धडकणारा सूक्ष्म कण) काही दिसायचा नाही, हे आधीच सांगतो. सिंटिलेटिंग फायबर म्हणजे चार्ज असलेला कण गेला की क्षणभर चमकणारा प्लास्टिकचा धागा. न्यूट्रिनोला चार्जच नाही, तो फायबरमधून आरपार गेला तरी फायबरला पत्ता नसतो; चुकून एखादा अणुकेंद्रावर आदळला तर त्यातून निघालेल्या म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि प्रोटॉनची रेघ आपण बघतो. म्हणून तर जपानच्या टी२के या न्यूट्रिनो प्रयोगात १ सेंमीचे जवळपास २० लाख प्लास्टिकचे ठोकळे रचलेत आणि प्रत्येकातून तीन दिशांनी फायबर ओवलेत.

तुम्ही टेस्टिंगला वैश्विक म्युऑन (अंतराळातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे) घ्या, ते फुकट येतात, तळहातावरून सेकंदाला एखादा तरी जातोच.

मी सांगलीत एमएस्सीला असताना १६ फायबरची पट्टी केली होती, १ मिमी जाड, ३० सेंमी लांब. आता हिशोब बघा, अशा एका फायबरवर मिनिटाला तीनेक म्युऑन पडणार आणि टोकाला लावलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद उजेड पकडणारा सेन्सर) नुसत्या अंधारात सेकंदाला हजारो खोटे पल्स देणार! म्हणून वर एक, खाली एक सिंटिलेटर पॅडल (तशाच चमकणाऱ्या प्लास्टिकची सपाट पाटी) ठेवायचं आणि दोन्ही एकदम बोलले तरच फायबरचा सिग्नल नोंदवायचा. त्यात आमच्या लॅबला एसी नाही, आठ-दहा डिग्री वाढली की हा नॉईज दुप्पट होतो, एप्रिलमध्ये आम्ही पहाटेच डेटा घ्यायचो.

सगळ्यात जास्त दिवस मात्र उजेडाने खाल्ले. ट्यूबलाईट लावली की काउंट उडायचा, बंद केली की खाली. आधी घोंगडं टाकलं (हसू नका, विणीतून उजेड येतो हे नंतर कळलं), शेवटी मित्राच्या द्राक्षबागेतला काळा मल्चिंग पेपर डबल गुंडाळला, कडांना काळी टेप, मग कुठं शांत झालं.

फायबरची टोकं बारीक पॉलिश पेपरवर घासून काचेसारखी करा, तिथं घाई केलीत तर आधीच मूठभर असलेला उजेड तिथंच सांडतो. आमच्या पट्टीत ७ नंबरचा फायबर निम्माच सिग्नल द्यायचा, सेन्सर खराब म्हणून शेजारच्याशी अदलाबदल केली तरी रडणारा ७ नंबरच. मग आठवलं, फ्रेममध्ये बसवताना तो मीच जोर लावून वाकवला होता.