सहा गळकाठ्या आणि एक लहान होडी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मिसिसिपी राज्यातील एनिड तलावात १४ फुटी, सपाट बुडाच्या होडीतून क्रॅपी मासे गरवतो. दोघांत मिळून सहा गळकाठ्या लावून होडी हळू चालवली, तरी वाऱ्यात तंगूस (गळाच्या दोऱ्या) एकमेकांत अडकतात आणि गळाला लागलेला मासा होडीजवळ येऊन निसटतो. आमचे काय चुकते?

उत्तर : जागतिक विक्रमाचा पांढरा क्रॅपी (क्रॅपीची एक जात), ५ पौंड ३ औंसांचा, १९५७ साली आपल्याच एनिड तलावात मिळाला होता, त्यामुळे जागेची निवड उत्तम आहे. आधी वेग तपासावा. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पंख्यासारख्या पसरलेल्या काठ्यांखाली तंगूस जवळजवळ सरळ उभा लोंबला पाहिजे. तो मागे झुकला की आमिष ठरवलेल्या खोलीवर राहत नाही आणि होडी वळताना ते शेजारच्या तंगुसावर चढते. ताशी अर्धा मैल, म्हणजे सुमारे ०.८ किलोमीटर, एवढी चाल पुरे. होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवून ती पुढच्या विजेच्या मोटरने ओढत न्यावी, कारण वारा पाठीवर घेतला तर हलकी होडी तंगुसांवरच जाते. तरीही ते तिरके राहिले, तर अर्ध्या औंसाचे शिसे लावावे.

क्रॅपी वर पाहून खातो, त्यामुळे त्याच्या खालून गेलेले आमिष बहुधा वाया जाते. प्रारंभी प्रत्येक आमिष वेगळ्या खोलीवर सोडावे आणि जिथे लागोपाठ दोन-तीन मासे लागतील, तिथे किंवा त्याहून फूटभर वर बाकीची आणावीत.

मासा निसटतो तो हिसक्यामुळे. क्रॅपीच्या तोंडाभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की अमेरिकेतील गरवणारे त्याला 'कागदी तोंडाचा' म्हणतात. काठीचे टोक वाकले की ती सावकाश, तंगूस सैल पडू न देता उचलावी आणि मासा पाण्यात असतानाच जोडीदाराने लांब दांड्याची जाळी त्याच्याखाली धरावी. हे दोघांच्या हातात बसेपर्यंत चारच काठ्या लावाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

हीच मांडणी दुसऱ्या राज्यात नेताना मात्र तेथील नियम पाहावेत : मिनेसोटात खुल्या पाण्यात माणशी एकच तंगूस चालतो, तर विस्कॉन्सिनमध्ये तीन.