प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी जन्मतःच तशा असतात की नंतर तशा बनतात?

दोन्ही. पण थायमस या छातीतल्या ग्रंथीत जे घडतं, ते जास्त मजेशीर आहे.

मी खानापूरला पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना जीवशास्त्र शिकवतो. हा भाग मी विसर्जन मिरवणुकीवरून समजावतो. आमच्या गल्लीच्या मंडळात थंड डोक्याची पोरं ढोल वाजवतात. एक-दोघं इतकी तापट, की त्यांना घरीच बसवतात. मधल्या तापट पोरांच्या छातीवर मात्र स्वयंसेवकाचा बिल्ला! भांडण कुठं पेटणार, हे त्यांनाच आधी कळतं की.

छातीच्या हाडामागं ही थायमस ग्रंथी असते. तिथं कोवळ्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, शरीराचीच प्रथिनं दाखवली जातात. जी फार घट्ट चिकटते, ती बहुतेक तिथंच मरते. जी जेमतेम चिकटते, ती साधी टी पेशी होऊन बाहेर पडते. मधल्यांपैकी काहींमध्ये फॉक्सपी३ हा जनुक चालू होतो. बिल्ला तो हाच. त्या जनुकावरच्या मिथाइल खुणा (जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) पुसल्या जातात, त्यामुळं पेशी कितीदा विभागली तरी बिल्ला सहसा उतरत नाही.

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आजारी उंदरांत हा जनुक शोधला. तो एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून बिघडला तर मुख्यतः मुलगेच आजारी पडतात : आतडी, स्वादुपिंड, त्वचा, सगळीकडं स्वतःवरच हल्ला. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

दुसरी वाट आतड्यातली. तिथं साध्या टी पेशीला टीजीएफ-बीटा (पेशींमध्ये निरोप पोचवणारं प्रथिन) आणि अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनॉइक आम्ल मिळालं, की ती आवर घालणारी होते. त्याच टीजीएफ-बीटासोबत इंटरल्यूकिन-६ हे दुसरं निरोप्या प्रथिन आलं, तर मात्र ती दाह भडकवणारी टीएच-१७ बनते. म्हणजे पेशी तीच, संगत बदलली. तंतुमय अन्नावर आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट बनवतात, त्याचाही आवर घालणारी पेशी बनायला हातभार लागतो. (ज्वारीच्या भाकरीनं संधिवात बरा होतो, असं मी म्हणत नाही. मागं एका पालकांनी तसा अर्थ काढला होता.)

बरं, या पेशी आवर घालतात कसा? एक युक्ती सांगतो. इतर टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ लागतं. ते या पेशी स्वतःच शोषून घेतात. मिरवणुकीतला सगळा चहा स्वयंसेवकांनीच संपवावा, तसं.