सीटी रिपोर्टमध्ये ‘उजवं जुग्युलर फोरामेन डाव्यापेक्षा मोठं’ असं आलंय, गाठ असेल का?

बहुतेक वेळा नाही. कवटीच्या तळाच्या या छिद्रात डाव्या-उजव्याचा फरक असणं हीच नेहमीची गोष्ट आहे, आणि मोठं असतं ते बहुधा उजवंच. कारण रक्तवाहिनीत आहे. मेंदूच्या माथ्यावरून येणारं अशुद्ध रक्त बऱ्याच जणांत मुख्यतः उजव्या बाजूच्या सायनसमधून (नाकाचा नव्हे, मेंदूच्या आवरणातली रक्त वाहून नेणारी वाट) उतरतं, त्यामुळे तिकडची जुग्युलर शीर (मानेतून खाली जाणारी मोठी शीर) जाड आणि तिची वाटही रुंद. रेडिऑलॉजिस्ट नुसत्या आकारावर जात नाहीत, हाडाची कड बघतात: ती अखंड, गुळगुळीत असेल तर सहसा चिंता नसते; कुरतडल्यासारखी दिसली तर ग्लोमस गाठीचा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) संशय येतो. मात्र कड गुळगुळीत म्हणजे शंभर टक्के निर्धास्त, असंही नाही. श्वॉनोमा ही नसेच्या आवरणाची गाठ छिद्र हळूहळू, सफाईने रुंदावते. शिवाय याच छिद्रातून नववी, दहावी आणि अकरावी कपालनस (मेंदूतून निघून घसा, स्वरयंत्र आणि खांद्याकडे जाणाऱ्या नसा) जाते. म्हणून आवाज बसलाय, गिळताना ठसका लागतो, खांदा उचलत नाही किंवा कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येतो, यातलं काही असेल तर ईएनटी डॉक्टरांना दाखवून कॉन्ट्रास्ट एमआरआयबद्दल विचारा.