एस११ उत्तम, मग पॉवर जाते कुठे?

प्रश्न : एका छोट्या बोर्डवर दोन सारखे अँटेना शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येकाला वेगळं मॅचिंग सर्किट (लाट परत फिरू नये म्हणून अँटेनाआधी लावतात ते) लावून एस११ आणि एस२२ (पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टातून, म्हणजे अँटेनाच्या जोडणीतून, परत येणारी लाट) पूर्ण बँडभर उणे १५ डीबीपर्यंत आणले. एस२१ (एका पोर्टातून दुसऱ्यात गळणारी लाट) मात्र उणे ४ डीबी आहे. दोन्ही एकदम चालवले की रेंज पडते, अॅम्प्लिफायर तापतो. मॅचिंगचे टप्पे वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. एस११ मोजताना दुसरं पोर्ट ५० ओहमच्या रेझिस्टरवर गप्प असतं. तुमच्या यंत्रात ते गप्प नसतं. तिथून निघालेली लाटही पहिल्या पोर्टात शिरते आणि अॅम्प्लिफायरला दिसतं ते स्वतःचं परावर्तन अधिक शेजाऱ्याची गळती.

तुमचेच आकडे घेते. उणे १५ डीबी म्हणजे सुमारे ३ टक्के पॉवर परत. उणे ४ डीबी म्हणजे ४० टक्के शेजारच्या पोर्टात. म्हणजे एकच पोर्ट चालवलं तरी हवेत जाणार फार तर ५७ टक्के. दोन्ही सारख्या जोराने चालवा, की ०.१८ आणि ०.६३ उंचीच्या (वरच्या पॉवरची वर्गमुळं) या दोन लाटा फेजप्रमाणे जुळतात किंवा एकमेकींना कापतात. वाईटात वाईट फेजला ०.८१, त्याचा वर्ग म्हणजे जवळपास ६५ टक्के पॉवर परत! अॅम्प्लिफायर तापणारच.

मॅचिंग काढून टाका आणि नुसत्या अँटेनांचं मोजमाप पुन्हा घ्या. दोन्ही खरोखर सारखे असतील, तर एस११ आणि एस२१ यांची बेरीज म्हणजे सम मोडचं (दोन्ही अँटेना एकाच फेजने चालवल्यावरचं) परावर्तन आणि वजाबाकी म्हणजे विषम मोडचं (उलट फेजने चालवल्यावरचं). हे दोन मोड एकमेकांत गळत नाहीत. १८० अंशांचा हायब्रिड (दोन लाटांची बेरीज आणि फरक वेगळा काढणारं सर्किट) लावलात की बेरजेचं आणि फरकाचं अशी दोन पोर्टं मिळतात आणि प्रत्येकाला एकेरी अँटेनासारखं स्वतंत्र मॅच करता येतं. दोन वेगळे डेटा-प्रवाह पाठवायचे असतील तर थेट याच पोर्टांना द्या. फक्त साधा रॅट-रेस (बोर्डवर कोरलेल्या कड्याचा) हायब्रिड रुंद बँडला पुरत नाही, हे ध्यानात ठेवा.

खरी झुंज विषम मोडशी आहे. अँटेना जवळ असले की उलट दिशेचे प्रवाह एकमेकांचं उत्सर्जन मारतात. रेडिएशन रेझिस्टन्स (हवेत जाणाऱ्या पॉवरचं माप) घसरतो, ऊर्जा मात्र साठून राहते आणि बँड अरुंद होतो. इथे कितीही कॉइल-कपॅसिटर जोडले तरी बोडे यांनी मांडलेली आणि रॉबर्ट फॅनो यांनी १९५० मध्ये विस्तारलेली मर्यादा आडवी येते: बँड जितका रुंद, तितकं परावर्तन कमी करणं अवघड. ५० ओहमला समांतर १० पिकोफॅरड असा लोड घ्या. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीत आदर्श, अनंत टप्प्यांचं, लॉस नसलेलं सर्किटही उणे १७ डीबीच्या आसपास थांबतं. रुंदी १ गिगाहर्ट्झ केली की उणे ९ सुद्धा मिळत नाही. पहिले दोन-तीन टप्पे बरंच देतात, पुढचे नुसते लॉस वाढवतात.

म्हणून माझा आग्रह अँटेनांमधलं अंतर वाढवण्याचा आहे, जागेसाठी भांडावं लागलं तरी. नाहीच जमलं तर विषम मोडला उणे ६ डीबी मान्य करा. न्यूट्रलायझेशन लाइन (दोन अँटेनांना जोडून गळती कापणारी तार) मोहक वाटते, पण ती साधारण एकाच फ्रिक्वेन्सीभोवती ही गळती मारते. तुमच्या रुंद बँडला मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : मॅचिंगआधी ३ डीबीचा अॅटेन्युएटर (पॉवर मुद्दाम घटवणारा भाग) टाकला तर एस११ लगेच ६ डीबीने सुधारतो. काय हरकत आहे?

उत्तर : लाट जाताना ३ आणि परत येताना ३ डीबी घटते, एवढंच घडतं. अँटेनापर्यंत निम्मीच पॉवर पोचते. हलक्या क्यू-च्या (जास्त लॉस असलेल्या) कॉइल्स नकळत हेच करतात, म्हणून सुंदर एस११ दिसला की मला आधी शंका येते. प्रत्येक मोडची एफिशियन्सी (दिलेल्या पॉवरपैकी हवेत जाणारा वाटा) वेगळी मोजून घ्या आणि दोन सर्किटांतून निवड तिच्यावरूनच करा.