ओळख नसलेलं फळ घरी आलं की: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चायोटे (दुधी-काकडीच्या कुळातलं हिरवं फळ) पहिल्यांदाच आणलं. सोलताना हाताला चिकट चीक लागला, मग कातडी ताणल्यासारखी झाली आणि बोटं बधिर वाटायला लागली, मी तर घाबरलेच. आणि शिजवल्यावर चव अगदी पाणचट. खाण्यासारखं असतं का हे खरंच?

उत्तर: असतं, आणि माझं तर हे फार लाडकं आहे. बोटांचं तसं होतं ते सालीखालच्या चिकामुळे, सुकला की कातडीला आवळून धरतो, थोड्या वेळाने जातं आपोआप. पुढच्या वेळी हाताला आधी तेल चोळा, नाहीतर सरळ नळाच्या धारेखाली सोला. कोवळं असेल तर साल काढूच नका. आता चव. तुम्ही ते दुधीसारखं पाणी घालून शिजवलं असणार, तिथेच घोळ झाला. चायोटेच्या अंगात पाणी भरपूर पण स्वतःची चव अगदी हलकी, त्यामुळे वरून पाणी घातलं की उरतं काय? पातळ काप करा, कढई चांगली तापवा, थोडं तेल, लसूण, मिरी आणि मोठ्या आचेवर पाचसात मिनिटं, कडा तांबूस झाल्या पाहिजेत पण आत कुरकुरीतपणा राहिला पाहिजे. मीठ शेवटी. किंवा शिजवूच नका, कच्चे काप लिंबू आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि खा, काकडी आणि कच्च्या सफरचंदाच्या मधलं काहीतरी लागतं. आतमधली ती एकच चपटी बी टाकू नका हं, कोवळी असली की मऊ आणि सुक्यामेव्यासारखी लागते. हे फळ मूळचं मेक्सिकोकडचं, नावही तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या चायोत्लीवरून आलंय, आणि तिकडे याचे कोवळे शेंडे आणि जमिनीतले कंदसुद्धा खातात. फळाला टोकाशी कोंब फुटला तर बी वेगळी काढत बसू नका, अख्खं फळच मातीत लावा, वेल येतो.

प्रश्न: स्पॅगेटी स्क्वॉश हा भोपळ्याचा प्रकार, त्याच्या छान लांब शेवया निघतात असं ऐकून उभा कापला, ओव्हनमध्ये चांगला तासभर ठेवला, तर निघाला लगदा. शेवया कुठे गेल्या?

उत्तर: दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तासभर फार झाला. अर्धा स्क्वॉश, कापलेली बाजू खाली, २०० अंश सेल्सियसला ३५ ते ४५ मिनिटं पुरतात, आणि तिसाव्या मिनिटाला काटा घालून बघायचं, तंतू सुटे होऊन थोडे कडक लागले की लगेच बाहेर. दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही, यातले तंतू देठापासून टोकापर्यंत उभे नसतात, ते गोल गोल फिरलेले असतात. उभा कापला की सगळे तुटतात, म्हणून आडवा कापा. आणि अख्खा मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार असाल तर आधी सुरीने चारपाच ठिकाणी भोकं पाडा, नाहीतर वाफ कोंडून फुटतो.

प्रश्न: परसातल्या भोपळ्याच्या बिया राखून यंदा लावल्या. फळं दिसायला झकास पण एक चाखलं तर कडूजहर. मीठ लावून कडूपणा काढता येईल का?

उत्तर: नाही, आणि कृपा करून काढायला जाऊ नका, ते फळ टाकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून ते जात नाही, आणि त्याने जोरदार उलट्या, जुलाब होतात. शेजारी शोभेचे भोपळे लावलेले असले तर परागकण इकडचे तिकडे होतात, त्या वर्षीचं फळ चांगलंच लागतं पण त्याच्या बियांपासून आलेली पुढची पिढी अशी निघू शकते. कुठल्याही अनोळखी भोपळ्याचा शिजवण्याआधी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा आणि कडू लागला की थुंकायचा. ही सवय मी कधीच सोडत नाही.

प्रश्न: नीरफणस घरात कोणालाच आवडला नाही. एकदा चिकट गोड निघाला, एकदा लाकडासारखा.

उत्तर: तुम्ही एकदा उशिरा कापलात आणि एकदा लवकर. याला फळ समजू नका, बटाटा समजा, म्हणजे सगळं जमतं. सालीवरचे उंचवटे सपाट झाले, मधल्या रेषा तपकिरी पडल्या आणि सुकलेल्या चिकाचे ठिपके दिसले पण हाताला अजून घट्ट लागतोय, की तो दिवस त्याचा. एकदोन दिवसांत मऊ पडतो, लगेच करायचा नसेल तर अख्खा पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. मला उकडण्यापेक्षा भाजलेला आवडतो, थेट आचेवर साल काळी होईपर्यंत, मग आतला गर पावासारखा होतो. आणि घरच्यांवर रागावू नका. १७८९ मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरून याची रोपं नेणाऱ्या बाउंटी या ब्रिटिश जहाजावर बंड झालं, रोपं समुद्रात फेकली गेली, १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजाने ती कॅरिबियन बेटांवर पोचवली, आणि तिथल्या लोकांनाही सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. आज तिथे तो रोजच्या जेवणातला आहे.

प्रश्न: सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे. स्टार फ्रूटच्या एकदोन चकत्या सॅलडमध्ये चालतील का?

उत्तर: नाही. एकही नाही. यात किडनीला त्रासदायक ठरणारं ऑक्झलेट भरपूर असतं आणि शिवाय कॅराम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं विष असतं, ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये वेगळं काढून दाखवलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. आधी न थांबणाऱ्या उचक्या लागतात, मग गोंधळल्यासारखं होतं, झटकेसुद्धा येतात. चुकून खाल्लं गेलं असेल तर उचक्यांची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न: पॅशन फ्रूट सुरकुतलं, टाकू का?

उत्तर: अहो, आत्ता तर ते गोड झालंय! गुळगुळीत असताना आंबट असतं. बुरशी नाही ना आणि हातात जड लागतंय ना, एवढं बघा. रस हवा असेल तर गर मिक्सरमध्ये एकदाच, क्षणभर फिरवून गाळा, जास्त फिरवलं की बिया फुटून रसात काळे कण येतात.